कुमार गंधर्वांचा दुसरा डाव: कोणती ध्वनिमुद्रणं घ्यावी, कशी ऐकावी

कुमार गंधर्वांचं नाव शोधपट्टीत टाकलं की ‘एका फुफ्फुसाचा गायक’ अशा मथळ्याचे व्हिडिओ हमखास समोर येतात. माहिती खोटी नाही, पण ऐकणाऱ्याची दिशा तिथेच चुकते. तो कौतुकाने ऐकतो आणि प्रत्येक छोटी स्वरावली त्याला दम पुरला नाही म्हणून तुटलेली वाटते. बाजारात आणि स्ट्रीमिंगवर आज कुमारांचं जे मिळतं, त्यातलं बहुतेक सगळं क्षयाच्या आजारानंतरचंच आहे. त्यामुळे त्यातलं काय घ्यावं, कोणत्या क्रमाने ऐकावं आणि कोणत्या प्रतीत कसली खोट असते, हे बघण्याआधी दमसासाचा, म्हणजे गाताना श्वास किती पुरतो याचा, प्रश्न निकालात काढावा लागतो.

पार्श्वभूमी थोडक्यात. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी यांचा जन्म ८ एप्रिल १९२४ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचा. लहानपणीच मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी हुबेहूब म्हणून दाखवणारा मुलगा म्हणून नाव झालं, ‘कुमार गंधर्व’ ही पदवीही त्याच वयात मिळाली. मग मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे तालीम झाली. १९४७ मध्ये भानुमतींशी लग्न झालं आणि त्याच सुमारास क्षयाचं निदान झालं. कोरडी हवा मानवेल म्हणून १९४८ च्या सुरुवातीला मुक्काम माळव्यात, इंदूरजवळच्या देवासला हलला. जवळजवळ पाच वर्षं अंथरूण, आणि गाण्याला सक्त मनाई. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचं औषध हाताशी आल्यावर प्रकृती सावरली, पण एक फुफ्फुस निकामी झालं ते झालंच. १९५३ मध्ये ते पुन्हा मैफलीत बसले, हाच त्यांचा दुसरा डाव, आणि १२ जानेवारी १९९२ ला देवासलाच निधन होईपर्यंत गात राहिले.

आता दमसास. गाताना फुफ्फुसाकडून दोन वेगवेगळी कामं होतात आणि ऐकणारे ती एकच धरून चालतात. साठवलेली हवा किती, यावर एका दमात किती वेळ गाता येईल हे ठरतं. त्या हवेवर दाब किती, यावर स्वराचा जोर ठरतो, आणि तार सप्तकात पूर्ण आवाजात जायचं तर दाब जास्तच लागतो. दाब मुख्यतः पोटाचे आणि बरगड्यांमधले स्नायू देतात. निरोगी पुरुषाच्या फुफ्फुसांत पूर्ण श्वास घेऊन सोडता येणारी हवा साधारण साडेचार-पाच लिटर असते. एक फुफ्फुस बंद पडलं की ती निम्म्याच्या आसपास येते, दुसरं फुफ्फुस थोडं फुगून काही भरपाई करतं तेवढीच. म्हणजे साठा घटतो, पण जोर त्याच प्रमाणात घटत नाही. अशा गायकाला तार षड्जावर बाणासारखी फेक टाकता येते, मात्र त्याच षड्जावर दहा-बारा सेकंद निवांत बसणं परवडत नाही. कुमारांच्या गाण्यात नेमकं हेच दिसतं: अचानक उसळलेला, पूर्ण भरलेला स्वर आणि त्यापाठोपाठ शांतता.

इथपर्यंतचा हिशेब आजाराच्या खात्यावर टाकता येतो. पुढचा येत नाही. छोटी स्वरावली हा आजाराचा परिणाम मानला, तरी ती कुठे तोडायची हे फुफ्फुस सांगत नाही. ज्याचा दम खरोखर पुरत नाही तो गायक मात्रा संपायच्या आत, शब्दाच्या मध्येच, मिळेल तिथे श्वास घेतो आणि पुढचा शब्द घाईने उचलतो. कुमार थांबतात ते अर्थाच्या आणि लयीच्या जागेवर. ठेका पुढे चालू राहतो आणि ती रिकामी जागा बंदिशीचाच भाग होते. मध्यलयीचंही असंच. मात्रा ओढून ओढून लांबवलेला अतिविलंबित ख्याल त्यांनी टाळला, याचं खापर बरेचजण आजारावर फोडतात. पण देवधर मास्तर हे विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य, म्हणजे घराणं ग्वाल्हेरचं, आणि ग्वाल्हेरचा ख्याल मुळातच त्या मंदगतीचा नाही. अमीर खाँसाहेबांच्या झुमरा तालातल्या संथ ख्यालाची चाल मनात ठेवून कुमारांना मोजलं तर चूक मोजपट्टीची. शिवाय देवधर मास्तर आवाज-साधनेचे अभ्यासक होते, त्यावर त्यांनी लिहिलेलंही आहे. आवाज कसा तयार होतो आणि कुठे वाया जातो याचा विचार कुमारांच्या कानावर आजाराच्या कितीतरी आधी पडला होता.

हे पडताळून बघायला घड्याळ पुरतं. तीनतालातली मध्यलयीची एखादी बंदिश घ्या. मिनिटाला १२० मात्रांची लय असेल तर सोळा मात्रांचं आवर्तन आठ सेकंदांचं होतं, एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. बोटावर मात्रा धरा आणि दोन श्वासांमध्ये किती मात्रा जातात ते मोजा. मग त्याच रागातली दुसऱ्या एखाद्या, धडधाकट फुफ्फुसाच्या गायकाची तितक्याच लयीची बंदिश मोजा. श्वासांच्या संख्येपेक्षा श्वास कुठल्या मात्रेवर पडतो तिकडे लक्ष द्या. दहा मिनिटांत मथळ्याची भूल उतरते.

सुरुवात रागांपासून करू नये, निर्गुणी भजनांपासून करावी. ‘सुनता है गुरु ग्यानी’, ‘उड जायेगा हंस अकेला’, ‘हिरना समझ बूझ बन चरना’ ही सगळीकडे मिळतात, आणि दुसरा डाव म्हणजे काय ते इतक्या उघडपणे बाकी कुठेच कळत नाही. अंथरुणावरच्या वर्षांत कानावर जे पडलं ते माळव्याचं लोकगाणं आणि नाथपंथी जोग्यांची भजनं. त्या गाण्यात स्वर फेकायचा आणि सोडून द्यायचा अशी रीत आहे, तो कुरवाळत बसायचं नाही. कुमारांनी ती रीत उचलून तिला ख्यालाच्या सुरेलपणाची शिस्त लावली. भजनांत साथ बेताची, शब्द स्पष्ट, त्यामुळे स्वराचा लगाव, म्हणजे स्वर लावण्याची पद्धत, उघडा ऐकू येतो. वसुंधराबाईंचा आवाज जिथे जोडीला आहे ती मुद्रणं वेगळी काढून ऐका. १९६१ मध्ये भानुमतींचं निधन झालं, १९६२ मध्ये वसुंधरा श्रीखंडे यांच्याशी विवाह झाला आणि पुढची जवळजवळ तीस वर्षं त्या साथीला होत्या. दुसरा आवाज कुमारांच्या थांबण्याच्या जागा बुजवत नाही, हे त्या मुद्रणांत शिकण्यासारखं आहे. आज मैफलीत मागे बसलेले शिष्य गुरूने सोडलेली प्रत्येक जागा भरायला धावतात, त्यांनी ही भजनं जरूर ऐकावीत.

दुसरी पायरी धुन-उगम रागांची. मालवती, लगनगंधार, संजारी, सहेली तोडी, निंदियारी, अहिमोहिनी हे त्यांतले काही. राग लोकधुनांतून उगवतात हा कुमारांचा सिद्धांत, आणि माळव्यातली धून घेऊन त्यातून राग उभा करून दाखवणं हा त्याचा पुरावा. मालवती आणि लगनगंधारच्या एचएमव्हीच्या तबकड्या आधी घ्याव्यात. पण एक अडचण लक्षात असू द्या. ओळखीच्या रागात कुमार काय सोडतात ते कळतं, कारण काय अपेक्षित आहे ते आपल्याला माहीत असतं. नव्या रागात तशी अपेक्षाच नसते, त्यामुळे पहिल्या ऐकण्यात तो नुसता गोड वाटून जातो. म्हणून प्रत्येक नव्या रागाच्या आधी कुमारांचाच एखादा प्रचलित राग ऐकावा, भैरव किंवा भीमपलास चालेल, आणि लगेच नवा राग लावावा. बंदिशींचं पुस्तक हवं असेल तर ‘अनूपरागविलास’ आहे. स्वरलिपी बघत ऐकलं की आघात कुठे आहेत ते पटकन दिसतं. पण स्वरलिपीवरून बंदिश बसवायला जाऊ नका. कुमारांचा अर्धा अर्थ आवाजाच्या चढउतारात आहे आणि तो कागदावर उतरत नाही.

नाट्यगीतांच्या वाटेने येणाऱ्या मराठी श्रोत्याला ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हीच तबकडी पहिली हाताशी लागते. ती निघाली तेव्हा वाद झाले आणि आजही होतात. बालगंधर्वांची नक्कल हवी असेल तर इकडे फिरकू नये. इथे तेच पद दोन कलावंत कसं तोडतात, हे समोरासमोर ठेवता येतं. बालगंधर्वांची जुनी ७८ फेऱ्यांची तबकडी एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांत संपायची, म्हणजे तिथे वेळेची कात्री होती. कुमारांकडे वेळ भरपूर होता आणि कात्री श्वासाची होती. दोन्ही लागोपाठ लावा आणि एकाच ओळीत कोण कुठल्या अक्षरावर थांबतो ते कागदावर खुणा करून ठेवा.

याच्या उलट तपासणीसाठी ‘ऋणानुबंधाच्या’ आणि ‘उठी उठी गोपाळा’ घ्यावीत. दोन्ही बाळ कोल्हटकरांच्या ‘देव दीनाघरी धावला’ मधली, संगीत वसंत देसाई यांचं. चाल दुसऱ्याने बांधलेली, म्हणजे ओळीची लांबी कुमारांच्या हातात नाही. तरीही शब्द लंगडत नाहीत. ‘ऋणानुबंधाच्या’मध्ये वाणी जयराम यांचा आवाज जोडीला आहे, तेव्हा मधली विश्रांती चालीतच मिळते. ‘उठी उठी गोपाळा’त ती सोय नाही, म्हणून परीक्षा घ्यायची तर त्याच गाण्याची घ्यावी. कवी अनिलांचं ‘अजुनी रुसूनि आहे’ आणि तांब्यांच्या कविता यांच्या चाली स्वतः कुमारांच्या. तिथे ओळ कुठे मोडायची हे त्यांनीच ठरवलेलं आहे, आणि तो फरक कानाला लगेच जाणवतो.

यानंतर मैफलींची मुद्रणं. स्टुडिओतली एलपी (मोठी तबकडी) एका बाजूला वीस-बावीस मिनिटं चालते, तेवढ्यात विलंबित आणि द्रुत दोन्ही बसवायचं म्हटलं की रागाची बैठक आखडते. मैफलीत ती मोकळी होते, आणि तानपुरे जुळवण्यापासून सगळं कानावर येतं. तानपुऱ्याच्या बाबतीत कुमार किती काटेकोर होते हे जुने श्रोते सांगतातच, आणि मुद्रण बरं असेल तर ते ऐकूही येतं. तबल्यावर वसंत आचरेकर असतील ते मुद्रण डोळे मिटून घ्या. ठेका इतका स्वच्छ आणि साधा, की कुमारांनी रिकामी सोडलेली जागा रिकामीच राहते. तबलजी दर मोकळ्या मात्रेत तुकडा भरू लागला तर ही गायकी कोसळते, कारण थांबण्याचा परिणाम शून्यावर येतो. जब्बार पटेलांचा ‘हंस अकेला’ हा माहितीपट देवासचं घर आणि माणसं बघायला उत्तम. गाण्यासाठी मात्र त्यावर भागवू नये, माहितीपटात गाणं तुकड्यांनीच येणार.

आता प्रतींची खोट, कारण पैसे बहुतेक वेळा इथेच वाया जातात.

जुनी एलपी घेताना ओरखड्यांपेक्षा आतल्या खाचा बघा. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेऱ्या एकाच वेगाने फिरते, पण सुईखालून जाणारी खाच बाहेरच्या कडेला सेकंदाला सुमारे ५१ सेंटीमीटर सरकते आणि लेबलाजवळ सुमारे २१ सेंटीमीटर. तितकाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असल्याने शेवटच्या काही मिनिटांत आवाज चिरकतो. नेमकी द्रुत बंदिश आणि तार सप्तकातली फेक तिथेच येते. दुकानात तबकडीची सुरुवात ऐकवतात, तुम्ही शेवटची तीन मिनिटं लावायला सांगा. घरी सुईचा भार दीड ते दोन ग्रॅमच्या आसपास ठेवा, कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) बनवणाऱ्याने दिलेला आकडा असेल तर तोच. सुटकेससारख्या स्वस्त प्लेअरमध्ये सिरॅमिक कार्ट्रिज असतं आणि भार पाच-सहा ग्रॅमवर जातो. त्यावर एलपी वारंवार लावल्यास खाच घासली जाते आणि तार षड्ज कायमचा फाटतो.

कॅसेटवरून उतरवलेल्या मैफलींची अडचण वेगाची असते. टेप सुमारे सहा टक्के जास्त वेगाने धावली की सूर अर्ध्या पट्टीने चढतो: काळी एकचं गाणं पांढरी दोनला (पेटीवरच्या लगेच पुढच्या पट्टीला) ऐकू येतं. लयही तितकीच वाढते आणि पाच सेकंदांची स्वरावली सुमारे ४.७ सेकंदांवर येते. म्हणजे अशा प्रतीवरून कुमारांचा दम मोजाल तर तो आणखी अपुरा दिसेल, आणि आवाज उगाच पातळ, घाईचा वाटेल. एकाच मैफलीच्या दोन प्रती मिळाल्या तर तानपुऱ्याचा षड्ज मोबाइलच्या ट्यूनरवर तपासा. दोन्हींत फरक निघाला तर बोलण्याचा आवाज ज्या प्रतीत नैसर्गिक वाटतो ती ठेवा. मैफलीत मध्ये मध्ये बोलणं होतंच, त्याचा असा उपयोग होतो. सूर जुळवायचा असेल तर प्लेअरमधला वेग आणि सूर एकत्र बदलणारा पर्याय वापरा. लय तशीच ठेवून फक्त सूर बदलणारा पर्याय वापरला तर तानपुऱ्याची जवारी (तारांचा गुंजणारा नाद) खरखरीत होते आणि लयीतली चूक तशीच राहते.

स्ट्रीमिंग सोयीचं आहे, पण तिथल्या यादीवर विसंबू नका. एचएमव्हीचा जुना साठा आता सारेगामाकडे आहे, त्यामुळे मूळ तबकड्यांतलं बरंचसं तिथे सापडतं. मात्र विलंबित आणि द्रुत वेगळे ट्रॅक म्हणून टाकलेले असतात, मध्ये दोन सेकंदांची पोकळी येते आणि शफल चालू असेल तर द्रुत आधी वाजते. साथीदारांची नावं बहुतेक ठिकाणी गायब. हौशी लोकांनी चढवलेल्या मुद्रणांत रागाचं नावही बऱ्याचदा चुकीचं, धुन-उगम रागांच्या बाबतीत तर फारच. ॲपमधलं आवाज समान करणारं सेटिंग आणि इक्वलायझर दोन्ही बंद ठेवा. कुमारांचं गाणं पुटपुटण्याइतक्या हलक्या स्वरापासून पूर्ण फेकीपर्यंत जातं. काही ॲप नुसती एकूण पातळी जुळवतात, त्याने बिघडत नाही. काही मात्र हलकं वर उचलून मोठं खाली दाबतात, आणि मग ‘झीनी झीनी’ हे भजनही तितक्याच मोठ्याने कानावर आदळतं.

मोबाइलच्या स्पीकरवर हे ऐकू नये, यात शिष्टपणा नाही. काळी एकचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा आणि तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, सुमारे ६९ हर्ट्झ. मोबाइलचा इवलासा स्पीकर इतकं खाली वाजवतच नाही, फक्त वरचे स्वरांश ऐकवतो. कुमार थांबतात तेव्हा ती जागा तानपुरा धरून ठेवतो. तानपुराच ऐकू आला नाही तर थांबणं म्हणजे नुसतं गाणं बंद पडणं. साधे तारेचे इअरफोनही इथे मोबाइलच्या स्पीकरपेक्षा कितीतरी बरे.

क्षय, न्यूमोनिया किंवा कोविडनंतर पुन्हा गायला बसणारे कुमारांची मुद्रणं आधाराला घेतात, त्यांच्यासाठी एक सूचना. त्यातलं थांबणं शिका, फेक शिकू नका. छोटी असली तरी तार सप्तकातली फेक फुफ्फुसावर आणि गळ्यावर सगळ्यात जास्त दाब टाकते, आणि अशक्त स्नायूंनी ती मारायला गेलं की गळा आवळला जातो, मग खोकल्याची उबळ. कुमारांचा गळा लहानपणापासून तयार होता, हेही विसरू नये. औषधांना दाद देणाऱ्या क्षयाचे उपचार आता साधारण सहा महिन्यांचे असतात. त्या काळात आणि नंतरही गायचं कधी, किती, हे छातीच्या डॉक्टरांना विचारून ठरवावं. स्ट्रेप्टोमायसिनसारखी इंजेक्शनं ज्यांना घ्यावी लागली त्यांनी कानाची तपासणीही करून घ्यावी, कारण ती औषधं कानातल्या तोलाच्या यंत्रणेला आणि कधीकधी ऐकण्यालाही इजा करतात. बेसूर होतंय असं वाटू लागलं तर दोष गळ्याचाच असेल असं नाही. पट्टी अर्ध्या किंवा एका स्वराने उतरवून घ्यायला लाजू नये. मध्य सप्तकात, चार-पाच स्वरांच्या पट्ट्यात फिरणाऱ्या एखाद्या लोकधुनेपासून सुरुवात करावी. ओळ संपली की पूर्ण श्वास होईपर्यंत ठेका जाऊ द्यावा आणि पुढच्या आवर्तनात उचलावं.

पैसे मोजूनच असतील तर निर्गुणी भजनांचा एक संच आणि आचरेकरांच्या साथीची एक पूर्ण मैफल एवढं आधी घ्या. मालवती किंवा लगनगंधारची एलपी चांगल्या अवस्थेत मिळाली तर त्यानंतर. ‘सर्वोत्तम’, ‘सुवर्ण’ वगैरे नावांचे एकत्रित संच सोडून द्या. त्यांत लांब ट्रॅक कापून, आवाज हळूहळू विरवत संपवलेले असतात, आणि कात्री बहुतेक वेळा कुमार थांबलेत तिथेच लागते.